फक्की लागलेला बॉल

आज संध्याकाळी अमरावतीत घरी पोरीसोबत टीव्हीवर फुटबॉल पाहत होतो. बॉल गोलरेषेवर जाऊन थांबला. मी ओरडलो, "गोल!"

"नाई बाबा. पूर्ण बॉल रेषेपलीकडे गेला तरच कॅमेऱ्यांना कळतं आणि रेफरीचं घड्याळ थरथरतं. बोटभर राहिला तरी गोल नाई."

मंडळी, मी गारच पडलो.

अकोल्याच्या आमच्या शाळेत फक्कीनं आखलेली रेषा असायची. बॉलला पांढरी फक्की लागली की गोल, हाच आमचा कायदा! दहावीतल्या शेवटच्या मॅचमध्ये समोरच्या टीमच्या गोलकीपर गजाननने माझा बॉल रेषेवरच दाबून धरला. मी तो हिसकावून सरांना फक्की दाखवली. सरांनी शिट्टी मारली. आम्ही जिंकलो.

गजानन आता तेल्हाऱ्यात मास्तर आहे. लगेच फोन लावला.

"गज्या, तो गोल नव्हता बे."

"मले तवाच माहीत होतं."

"मंग बोलला काहून नाई?"

"साऱ्यायनं तुले खांद्यावर घेतलं होतं. जिंदगीत पयल्यांदा गोल मारला होता तुनं. खाली उतरवू का मंग तुले?"

तुमचाही असेल ना असा एखादा गोल, कोणीतरी गुपचूप राहू दिलेला?