जाळ्यावरचा दगड

मी मुळाक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माणगावला आमच्या घरी कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि बाबा मोर्चाला निघाले की एक गठ्ठा माझ्या हातात देत. "जे दिसतं ते बोलायचं," ते म्हणत, "गप्प बसणारा माणूस चोराचा भागीदार." मी ते पाठ केलं. मोठी झाल्यावर स्वतःचं पत्रकही काढलं, किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी. एसटीने या. पाण्याची बाटली घरून आणा. वाळूत गाडी घालू नका. आलात तसे परत जा, मागे काही ठेवू नका.

पत्रक लिहायला मी रेवदंड्याला एका कोळणीच्या घरात खोली घेऊन राहिले. तिला मी मावशी म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या दोरखंडाच्या ढिगावर मी बसले, तर तिने मला हाताला धरून उठवलं. ढिगावर एक दगड ठेवलेला होता.

"ज्याच्यावर दगड, त्याला धनी हाय," ती म्हणाली. "सोन्याचं असलं तरी हात लावायचा न्हाय."

मला ते इतकं आवडलं की मी वहीत लिहून ठेवलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढलेल्या आणि घरोघरी जाळ्यांची दुरुस्ती चाललेली. मावशी आणि तिचा नवरा पडवीत बसून आपलं एकुलतं एक जाळं सांधत होते. निळा दोरा संपला म्हणून एका फाटक्या जागी मावशीने हिरवा दोरा घातला. त्या वेळी जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरायला मी बसले होते. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडायचा आणि होडी काढायची. जाळं तोवर तयार हवं, नाहीतर हंगाम दुसऱ्याच्या होडीवर मजुरीत जाणार.

त्याच दिवसांत मुंबईच्या एका प्रवासी गटाच्या हाती माझं पत्रक लागलं. जबाबदार पर्यटन म्हणून ते किनारा साफ करायला येणार होते. मला अभिमानाने झोप लागेना. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "पाव्हणे येनार, मंग किनारा असा घान ठेवायचा का?" आदल्या दिवशी तिने आणि आळीतल्या बायकांनी खराटे घेऊन सगळी वाळू झाडून काढली.

पाहुणे रो-रो बोटीत गाड्या घालून आले. एसटीने कोणीच आलं नाही. एकेका गाडीत एकेक माणूस, सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, हातमोजे नवे. मी त्यांच्यापुढे भाषण केलं. टाकून दिलेली जाळी समुद्रात कशी फिरत राहतात, कासवं त्यात कशी गुदमरतात, ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मग सगळे गोण्या घेऊन पांगले आणि अर्ध्या तासात परत आले. गोण्या रिकाम्या होत्या. किनाऱ्यावर कचराच नव्हता.

"मॅडम, फोटो कशाचा काढायचा?" एकाने विचारलं. त्याचं अलिबागला होमस्टे होतं, तिथेच सगळे उतरले होते.

मग त्याला जाळं दिसलं. कित्येक दिवसांनी उघडीप पडली होती, म्हणून मावशीने ते होडीच्या बाजूला वाळत घातलं होतं. ती आणि नवरा होडीचे कागद करायला अलिबागला गेले होते.

"हे तेच ना, तुम्ही सांगितलेलं? टाकून दिलेलं?"

सगळे गोळा झाले. तीन-चार फोन माझ्याकडे वळले. जाळ्यावर दगड होता. हिरवा दोराही मला स्वच्छ दिसत होता. एक शब्द पुरेसा होता, 'नाही'. पण इतकी माणसं लांबून आली होती, माझा कागद वाचून आली होती, आणि त्यांच्या गोण्या रिकाम्या होत्या. मी खाली वाकले आणि दगड उचलून बाजूला ठेवला.

जाळं एकसंध उचलेना, म्हणून त्यांनी ते कापलं. एकाने खिशातला चाकू काढला, दुसऱ्याने मागच्या घरातून कोयती मागून आणली. तुकडे होमस्टेच्या टेम्पोत गेले. निघताना त्यांनी माझे आभार मानले.

संध्याकाळी मावशी आली. होडीपाशी गेली, वाळूवर हात फिरवून आली.

"दगड व्हता ना गं त्याच्यावर?"

"मी बघितलं नाही, मावशी. मी पलीकडे होते."

"व्हय," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

त्यानंतर आठ दिवस तिने मला रोज वेळेवर जेवायला वाढलं. सुक्या बोंबलाचं कालवण, भाकरी. "घे गं अजून, लाजतीस कशाला?" मी घ्यायचे.

नवव्या दिवशी मला ते खाणं सहन होईना. मी अलिबागला त्या होमस्टेवर गेले. जाळं व्हरांड्यात टांगलेलं होतं, हिरवं ठिगळ दाराच्या बरोबर वर. त्यात बारीक दिवे गुंफले होते. बाजूला काचेच्या चौकटीत माझं पत्रक.

"कसं वाटतं?" मालकाने विचारलं. "कचऱ्याला नवा जन्म! पाहुणे पहिला फोटो इथेच काढतात."

"ते कचरा नव्हतं. एका बाईचं जाळं आहे."

तो खूश झाला. "अरे वा! मग त्यांना घेऊन या ना. जाळ्याखाली उभं करून फोटो काढू. चौकटीत त्यांची गोष्ट लावू."

मी स्टुलावर चढून जाळं ओरबाडलं. दिवे फुटले. तो ओरडत होता, "मॅडम, दगड तुम्हीच काढलात, मी नाही!" एसटीत ते तुकडे मांडीवर घेऊन बसले तर शेजारची बाई नाक दाबून उठून गेली.

पडवीत तुकडे ठेवून मी म्हणाले, "मावशी, दगड होता. मी उचलला."

तिने हिरवं ठिगळ हातात घेतलं. त्यात एक काचेचा तुकडा अडकला होता, तो काढून टाकला.

"मला ठाव हाय. त्याच सांजंला तुझ्या पाव्हण्यांचा व्हिडिओ आळीत सगळ्यांच्या फोनवर आला. वाकलीस काय, दगड उचललास काय. हासत व्हतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? बोलायचं काम तुझं ना? तूच सांगायचीस, तुझा बाप काय शिकवायचा ते. आठ दिस वाढत व्हते मी. म्हटलं, बघू किती जेवतेय."

मी म्हणाले, खोली सोडते.

"सोडू नको. पुनवंला हितंच ऱ्हा. बघ."

पौर्णिमेला सगळ्या होड्या गुलाल उडवत निघाल्या. मावशीची वाळूवरच राहिली. तरी तिने दर्याला नारळ सोडला, रीत म्हणून. तिचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला चढला, तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

घरी आलो तर ती माझ्या खोलीत गेली. नव्या पत्रकांचा गठ्ठा छापखान्यातून आला होता, वाटायचा राहिला होता. तो तिने उचलून बाहेर अंगणात ठेवला आणि परत गेली किनाऱ्यावर. आली तेव्हा हातात तो दगड होता. तिने तो गठ्ठ्यावर ठेवला.

"आता कोन हात न्हाय लावनार," ती म्हणाली. "याचा धनी कोन, ते आळीला ठाव हाय."

पुढच्या पावसात गठ्ठा भिजून फुगला. शाई उतरली. येणारी-जाणारी बायामाणसं त्याला वळसा घालून जात. मीही वळसाच घालते.