भरलेली भेग

शेवंताताईंचं नाव आधी लिहितो. त्या इथल्याच, बोथ गावाकडच्या. त्यांनी हाताला धरून शिकवलं, म्हणून नववीत शाळा सोडलेला मी आज आदिलाबादजवळच्या मावला गावात प्रिंटर चालवतो. माझं गाव लांब, सांगोल्याकडं. घरी गवंडीकाम.

आमचा प्रिंटर कागदावर छापत नाही. सिरिंजमध्ये कार्बनची काळी पेस्ट भरायची. मशीन मेंदीच्या कोनासारखी बारीक रेघ सोडतं आणि थरावर थर देत जाळी उभी करतं. ती वाळली की झालं इलेक्ट्रोड. अशी दोन समोरासमोर ठेवून मध्ये मिठाच्या पाण्यासारखं द्रावण भरलं की सुपरकपॅसिटर तयार. वीज बॅटरीपेक्षा कमी साठवतो, पण झटक्यात भरतो आणि झटक्यात देतो.

नागपूरची पार्टी सॅम्पल बघायला येणार होती. फेल गेलं तर टेबलावरचा एक माणूस कमी होईल, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. टेबलावर दोघंच. ताई आणि मी.

उन्हाळ्यात पेस्ट वरून वाळते, खाली ओली राहते. मग जाळीला भेग पडते. आदल्या दुपारी तीन तुकड्यांना भेगा दिसल्या. ताई जेवायला गेल्या होत्या. मी ब्रशनं पेस्ट भरली, बोटानं सारखी केली. भिंतीची भेग आम्ही अशीच भरतो. फसवायचं मनात नव्हतं. काम वाचवलं म्हणून खूशच होतो. सांगायचं सुचलं नाही.

पार्टीसमोर टेस्टरवर पहिल्या काही फेऱ्या छान गेल्या. फेरी म्हणजे एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज. मग साठवलेल्या विजेचा आकडा घसरत गेला. साहेबांनी सुपरकपॅसिटर उघडला. मी भरलेला थर फुगून पापुद्र्यासारखा सुटला होता. खालची भेग आणखी लांब झाली होती. पार्टी चहा न पिता उठली.

"ये किसने भरा?"

साहेबांनी विचारलं.

"माया टेबलाचा माल हाय, साहेब," ताई म्हणाल्या. "जिम्मा माया."

"इतने साल का काम, और ये लीपापोती?"

"हौ, साहेब."

मी टेबलावर सुटलेले पापुद्रे पुसत राहिलो.

संध्याकाळी त्या डबा पिशवीत ठेवत होत्या.

"काऊन रडून राह्यला, बाबू?"

"ताई, भेग मी भरली."

"मले ठाव हाय. तुले शिकवलं कोनं? मीनं. भेग भरू नोको, तुकडा फेकून दे, हे सांगाचंच राह्यलं. मंग चूक कोनाची?"

"पण तुमचं काम गेलं ना!"

"मायं गाव हे इथंच हाय. तू कुटी जाशीन?" मग हसल्या. "आन् पेस्ट चाळून घेत जाय. सुई तुंबली का बोंबलत बसशीन."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. "अब बोलके क्या फायदा?" म्हणाले. मला काढलं नाही. ताईंना परत बोलावलंही नाही. त्या आता कापूस वेचायला जातात.

भेगेचा तुकडा बाजूला टाकावा आणि त्याच वेळी सांगावं. उशिरा सांगितल्यानं फक्त सांगणाऱ्यालाच बरं वाटतं. मला तेही फारसं वाटलं नाही.

ताई, टेबलावर दुसरा माणूस लागेल तेव्हा पहिलं नाव तुमचंच घेईन. कोणी नाही म्हटलं, तर भेग कोणी भरली होती ते सगळ्यांसमोर पुन्हा सांगेन. आणि तुम्हाला न्यायला बोथला मी स्वतः येईन.