शबरीसाठी मी उठले नाही

"आता ए विंगच्या आजी, आपली शबरी," तो माइकवरून म्हणाला. "आजी, उठा. एक गिरकी घ्या."

लोक टाळ्या वाजवत होते.

मुलांनो, ही गेल्या रविवारची गोष्ट, आमच्या ताथवड्याच्या सोसायटीतली. तो म्हणजे एक निवृत्त मॅनेजर, हल्ली कवी. महिला दिनासाठी त्याने सोसायटीतल्या बायकांवर कविता रचली होती. जिचं नाव येईल तिने उठून गिरकी घ्यायची. उपमा शोभते का, ते सगळ्यांनी बघायचं. बाजारात गाय फिरवून बघतात तसं. शेजारच्या देशपांडेबाई उर्वशी, कुलकर्ण्यांची सून मेनका. मी शबरी. रानातली, उष्टी बोरं देणारी.

त्याने मला कधी पाहिलंही नव्हतं. महिन्यापूर्वी तर मी इथे राहायला आले. कार्यक्रमासाठी एक फॉर्म भरून दिला होता. फ्लॅट, आडनाव, वय, मूळ गाव. आडनावावरून त्याने माझं रूप ठरवलं.

मला किळस आली. रागाच्या आधी किळस. ओळखीची. पाचवीत मला नाटकात सीता व्हायचं होतं. सगळी वाक्यं पाठ होती. गुरुजी म्हणाले, "तू त्राटिका हो. तुला रंग लावायला नको." वर्ग हसला. आणि मी झाले त्राटिका. दात विचकले, किंचाळले. बक्षिसाची पेन्सिलही घेतली. त्या पेन्सिलीची लाज अजून गेलेली नाही.

"आजी, लाजू नका," कवी म्हणाला.

"लाजत नाही. उठत नाही."

देशपांडेबाई कुजबुजल्या, "अहो, शबरी म्हणजे कौतुकच की. केवढी भक्ती."

"मग तुम्ही व्हा शबरी. मला उर्वशी द्या."

पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसता हसता थांबलं.

खरं तर उर्वशीही मला नको होती. इंद्राने धाडलं की जायचं, कुणाचं तरी तप मोडायचं. नाही म्हणायची सोय नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्या कवितांतही बायकांना अशाच उपमा, फक्त देव्या परक्या.

माझी आई पिंपरीत एका कारखान्यात बाटल्या धुवायची. सोड्याने बोटांची सालं निघालेली. त्याच बोटांनी माझी वेणी घालायची, घट्ट, एक केस सुटायचा नाही. ती देखणी होती. तिच्यावर कुणी एक ओळ लिहिली नाही.

तिच्यावर मी लिहायला घेतलं आहे. त्यात एकही देवी नाही. सोसायटीच्या पुढच्या कार्यक्रमात मीच ते वाचणार, त्याच माइकवर.

खुर्चीत बसून.