समोरच्या खुर्चीचं मत

बाई इंग्रजी कादंबऱ्यांचं स्पॅनिश भाषांतर करत. नवऱ्याला स्पॅनिशचा गंधही नव्हता, तरी अडलेल्या शब्दाचा निकाल तोच लावायचा. बाई एकेक पर्याय मोठ्याने वाचत आणि वेताच्या खुर्चीतून तो सांगे, “दुसरा घे. बाकीचे म्हणताना तुझा आवाज अडखळला.”

तो गेला, तरी बाईंची खोड सुटली नाही. आज ‘फेअर’ आडवा आला. कादंबरीतली विधवा नवऱ्याबद्दल एवढंच म्हणते, की तो फेअर होता. बाईंनी रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं : ‘हुस्तो’, म्हणजे न्यायी. ‘रुबिओ’, म्हणजे सोनेरी केसांचा. ‘रेगुलार’, म्हणजे बेताचाच.

“पहिला घे,” खुर्चीतून आवाज आला. तोच, जरा घोगरा.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली.

“न्यायी? मला झोपेत ठेवून, चकार शब्द न बोलता निघून गेलात, आणि वर न्यायी म्हणवून घेताय?”

त्यांनी ठसक्यात ‘रेगुलार’ टाइप केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही.

खुर्ची करकरली, कुणी फणकाऱ्याने उठावं तशी.

“अहो, बसा ना!” बाई घाईघाईने म्हणाल्या. “बदलते मी शब्द.”