मागून येणारं कळावं म्हणून

आबांवर बिबट्याने झेप घेतली तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. आबा म्हणजे माझे वडील, खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर फिटर होते. कामावरून मोटरसायकलने घरी येताना, दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या रस्त्यावर, मागून काहीतरी येऊन आदळलं. पोटरीत नखं रुतली, गाडी आडवी झाली आणि पाय तिच्याखाली सापडून मोडला. पाठोपाठ एक ट्रॅक्टर आला म्हणून वाचले. त्याच्या उजेडाने जनावर उसात शिरलं. आबांना ते नीट दिसलंसुद्धा नाही.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून आबा पुढच्या खोलीत खाटेवर पडून असत. चार वाजले की म्हणत, "कडी लावा." आई भांडी घासायला मागे गेली की दर दोन मिनिटांनी तिला हाक मारत. तिने ओ दिली नाही तर त्यांचा चेहरा पांढरा पडे. कुत्रं भुंकलं की सगळं घर गप्प व्हायचं. आठवड्याभरात ती भीती मलाही लागली. न्हाणीघर अंगणापलीकडे होतं. मी भर दुपारीसुद्धा बादली वाजवत जायची.

कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. टेलिफोनच्या तारेतून नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मी एक खेळ खेळायची. त्यात जादूगार, तलवारवाले, राक्षस, आणि वेगवेगळ्या गावांतली अनोळखी माणसं एकत्र येऊन लढायची. माझं पात्र होतं मंक.

एका सकाळी आबांनी विचारलं, "ह्यो बोडका कोन?"

"मंक. म्हणजे भिक्खू."

"भंते?" ते कोपरावर उठले. "आन ठोसे मारतोय?"

मला ओशाळल्यासारखं झालं. आमचं घर बौद्ध. आबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर जुन्नरच्या लेण्यांत पायी जात, दर रविवारी विहारात वंदनेला बसत. मी म्हटलं, "आबा, हा परदेशी खेळ आहे. त्यांच्याकडे असलेच भिक्खू."

ते हसले नाहीत, पण बघत राहिले. पाय मोडल्यापासून ते पहिल्यांदाच खिडकी सोडून दुसरीकडे कुठे बघत होते.

त्याच दिवशी माझा मंक एक पायरी वर चढला आणि पडद्यावर एक यादी आली. याला फीट म्हणतात, मी आबांना सांगितलं. यातली एक कला पात्राला कायमची मिळते. एकदा घेतली की बदलता येत नाही.

"बदालता येत न्हाई? मंग घाई करू नको. वाच."

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागले. एका ठोशात समोरच्याला सुन्न करणं. वार चुकवणं. जोरात धावणं. मला ठोसा हवा होता. आबा म्हणाले, "मारायचं म्हनलं की जवळ जावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "मागून येनारं कळंल, असं हाय का काई?"

होतं. अंधारात, न बघता, नुसत्या चाहुलीवर शत्रू ओळखण्याची कला. मी तीच घेतली.

पुढच्या वेळेला त्यांनी वार चुकवणं निवडलं. आमचा मंक आता कुणाच्या हाती लागत नव्हता, पण मारतही नव्हता. आमच्या टोळीत नागपूरचा एक खेळाडू होता. त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'भाऊ, तुझा मंक नुसता पळतो.' तो मला मुलगा समजत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला टोळीतून काढून टाकलं.

"पळतो म्हनला?" आबांनी दोनदा विचारलं. नंतर ते जेवले नाहीत.

आता आम्ही एकटेच खेळायचो. एकदा मंक एका जंगलात शिरला आणि झाडीतून एक काळं मांजरासारखं जनावर त्याच्या पाठीवर आलं. आबा ओरडले. असला आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी उशी फेकली, पाय खाटेवरून खाली आदळला, आई पिठाच्या हातांनी धावत आली. मी कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. आपणच ते जनावर घरात आणून त्यांच्यासमोर सोडलं, असं मला वाटलं. दोन दिवस मी पडद्यावरचं फडकं काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "लाव ते."

एक फीट निवडायची राहिली होती.

"भ्याचं काई हाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

मी शोधलं. मन घट्ट करणारी एक होती. "भीती जात नाही, आबा. थोडी कमी लागते."

"कमी म्हंजी किती?"

"दोनने."

"कितीतल्या?"

"वीस आकड्यांचा फासा असतो."

त्यांनी छताकडे बघत हिशेब केला. "दोन लई झाले. घे."

प्लॅस्टर निघालं. ते कामावर रुजू होणार त्या दिवशी मी हट्टाने मोटरसायकलवर मागे बसले. ऊस दिसायला लागला तशी आबांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. सकाळचे नऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि उसाच्या पाचटाची नुसती सळसळ ऐकून मी मागे वळून बघितलं. बिबट्या आला तर आधी पाठ माझी होती.

"आबा, परत जाऊ या."

"थांब. आदी भेऊन घिऊ." त्यांच्या मानेवर घाम आला होता. आम्ही दोघं तिथे तसेच उभे राहिलो, बराच वेळ. मग त्यांनी किक मारली.

पुढे वनखात्याने पिंजरा लावला, एक मादी सापडली. तीच का दुसरी, कुणी सांगू शकलं नाही. आबा निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्याने गेले. मी नोकरीला लागले, खेळ सुटला, मंकचा पासवर्डही विसरले.

आबांवर हल्ला झाला त्या साली ऊस तुटला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. रस्त्यावरून पार नदीपर्यंतचं रान उघडं दिसायला लागलं. शेजारी आबांना म्हणाले, "आता काय भ्या न्हाई राव, लपायला जागाच न्हाई."

आबा त्या मोकळ्या रानाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग आता त्यो कुठं ऱ्हात आसंल?"