दारातलं विमानतळ

गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारून आमच्या गल्लीचे मामा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न टाकायचे, "पावणं, उडायचंय का पोचायचंय?"

पोचायचं असेल तर पुण्याच्या विमानतळावर चला, हे त्यांचं ठरलेलं. तुम्ही म्हणाल, भाड्याची गाडी चालवणारा माणूस, लांबचं भाडं कशाला सोडेल! मीही एकदा तोंडावर बोललो. ते चिडले नाहीत.

"हितनं कुठल्याबी गावाला विमान एकच. चुकलं की उद्याच. पुण्यात एक गेलं तर दुसरं हाय की! परदेशाला जाणाऱ्यानं तर हितला नाद करूच नये."

आणि गंमत बघा, आमची गल्ली कोल्हापूरच्या धावपट्टीला लागूनच. विमानाचा आवाज आला की मामा जेवणावरून उठून उष्ट्या हातानं अंगणात येत. "एवढं लोखंड, आन् कसं अल्लाद उतरतंय!" रोज तेच विमान, रोज तोच अचंबा. स्वतः मात्र विमानात कधी बसले नाहीत.

त्यांची एकुलती लेक जर्मनीत. तीन वर्षांनी येणार होती. साऱ्या जगाला पुण्याला धाडणारा हा माणूस तिला फोनवर म्हणाला, "हैदराबादवरनं हितंच ये. तू उतरताना मला बघायचंय."

आम्ही चिडवलं, "मामा, आता कुठं गेलं तुमचं पुणं?" लाजले हो!

जुलै महिना. मामी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन विमानतळाच्या फाटकापाशी उभ्या. आभाळ खाली आलेलं. डोक्यावर विमानाचा आवाज आला, दोनदा घिरट्या झाल्या, आणि हळूहळू लांब गेला. विमान हैदराबादला परतलं. मला मामांच्या तोंडाकडे बघवेना.

ते बराच वेळ वर बघत होते. लेकीचा फोन आला, "बाबा, उद्याच्या विमानानं येते."

"तीन वर्सं उद्याच चाललंय तुझं! हलू नगंस तिथनं. मी आलो."

आणि गेले की! साठी उलटलेला माणूस, भर पावसात, एकटा, थेट हैदराबादला. मी आयुष्यात मोठमोठी माणसं बघितली, पण त्या दिवशी त्यांच्या गाडीमागे हात जोडून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गल्लीत आली. लेक चालवत होती. शेजारी मामा तोंड उघडं टाकून झोपले होते. मामींनी त्यांना उठवलंच नाही, तशीच दोघांवरून भाकरी ओवाळून टाकली.

यंदा थंडीत मामा गेले. झोपेतच. लेकीला सगळ्यांनी सांगितलं, पुण्याला उतर. ती म्हणाली, "न्हाय. बाबांना मला उतरताना बघायचं होतं, मी कोल्हापुरातच उतरणार."

आभाळ स्वच्छ होतं. मी फाटकापाशी उभा राहून तिचं विमान उतरताना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. घरी जाऊन कुणाला सांगावं, तेवढं कळेना.