बटाट्याच्या फोडीची साक्ष

मंडळी, ही चिठ्ठी वाचून पुढे द्या. शेवटच्याने चुलीत घालावी.

मीठ पाणी कसं ओढतं हे वर्गात दाखवायला आज सकाळी बटाट्याच्या दोन फोडी भिजत ठेवल्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या. मीठ बाजारचं नव्हतं. ठाण्याच्या खाडीकाठी वाळलेलं मूठभर फुकट उचललं होतं. राणीसरकारच्या मिठाला हात लावला की तुरुंग, हे ठाऊक असूनही!

दुपारी मीठखात्याचा शिपाई दारात. "मास्तर, वाडग्यांत काय?"

"दोन्हीत विहिरीचं पाणी." माझा आवाज उंदराचा.

त्यानं फोडी दाबून पाहिल्या. एक टणक, दुसरी लुळी. "काकडीला मीठ लावलं की पानी सुटतं, हे आमची बायको बी जानते. या बटाट्याला कुठलं मीठ लावलं?"

मी मिठाच्या पाण्याचं वाडगं उचललं आणि गटागट पिऊन टाकलं. "बघा, गोडं पाणी!"

तो हसला. लुळी फोड रुमालात बांधून म्हणाला, "साहेबाला दावतो."

तेव्हापासून घागरभर पाणी प्यायलो, तरी घसा कोरडाच. मिठानं की भीतीनं, कळत नाही. तुमच्यात कोणी कायदा जाणणारा असेल तर लवकर सांगा, बटाट्याची साक्ष कोर्टात चालते का?